पेन स्कॅनर घ्यायचाय? आधी त्याला 'पन्हाळा' वाचायला लावा

माझं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल असली कामं, आणि जुना छापील मजकूर परत टाइप करून द्यायचं काम तर वर्षभर चालूच असतंय. त्यामुळं महिन्यातनं एकदा तरी कोणतरी येऊन विचारतंच, "भावा, ते पेनासारखं स्कॅनर असतंय की, ओळीवरनं फिरवलं की कॉम्प्युटरवर आपोआप टाइप होतंय, त्यातलं कुठलं घेऊ?" मी दर वेळी उलटा प्रश्न टाकतो, त्याला वाचायला काय देणार आहेस? मराठी का इंग्रजी, चार ओळी का चारशे पानं. याचं उत्तर नसेल तर कंपनी आणि मॉडेल बघण्यात काय अर्थ नाही.

पहिला घोळ नावातच आहे. ऑनलाइन 'हँडहेल्ड स्कॅनर' म्हणून शोधलं की निम्म्या वेळा किराणा दुकानातली बारकोडची बंदूक समोर येते, आणि उद्यमनगरात हेच नाव घेतलंत तर कास्टिंग मोजायचा थ्रीडी स्कॅनर दाखवतील. आपल्याला हव्या असलेल्या वस्तू दोन. एक पेन, म्हणजे जाड हायलायटरएवढं, टोकाला बारीक कॅमेरा आणि लाईट, एका वेळी एकच ओळ वाचतंय आणि अक्षर ओळखून त्याचा टेक्स्ट करतंय. दुसरी वस्तू म्हणजे फूटपट्टीपेक्षा थोडी जाड दांडी, ए-४ कागदाच्या रुंदीची, पानावरनं वरून खाली ओढायची, ती अख्ख्या पानाचा फोटो काढून मेमरी कार्डावर ठेवते. मी तिला पट्टी म्हणतो. दुकानदार दोन्हीला स्कॅनरच म्हणतो आणि लोक पेन समजून पट्टी घेऊन जातात, नाहीतर उलटं.

पैसे खर्च करायच्या आधी एक करा, हातातला मोबाईल वापरून बघा. खरंच सांगतो, माझ्याकडं विचारायला आलेल्यातल्या निम्म्या लोकांना मी स्कॅनर घेऊच नको म्हणून परत पाठवलंय. गूगल लेन्स उघडायचं, पानावर धरायचं, टेक्स्ट सिलेक्ट करून कॉपी करायचं, मराठीसुद्धा बऱ्यापैकी उचलतंय. गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये कागद स्कॅन करून पीडीएफ करायची सोय आहे, ती फुकट आहे. दिवसाला पाच-दहा पानं असतील आणि घरात उजेड चांगला असेल तर एवढ्यावर भागतंय. आणि सातबारा स्कॅन करायला म्हणून स्कॅनर घेणाऱ्यांना तर कोपरापासनं नमस्कार, अहो डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या साइटवर मिळतोय की.

मोबाईल कुठं कमी पडतोय तर हाताची सावली पडती, पान वाकडं येतंय, शंभर पानं काढली की खांदा भरून येतोय, आणि काही ग्रंथालयात फोन काढलेला चालत नाही. यातलं काही तुमच्या बाबतीत खरं असेल तर पुढं वाचा.

पेनचं आधी सांगतो. पेन कशासाठी चांगलं, तर निवडक ओळी उचलायला. माझी भाची राजारामपुरीत अभ्यासिकेत बसते, स्पर्धा परीक्षेचं चाललंय तिचं, इंग्रजी संदर्भ पुस्तकातल्या चार ओळी इथल्या, दोन तिथल्या असं करून नोट्स काढते. तिला पेन लागू पडलं. पेन केबलनं किंवा ब्लूटूथनं लॅपटॉपला जोडलं, वर्ड उघडून कर्सर ठेवला, ओळीवरनं पेन ओढलं की कर्सर आहे तिथं ती ओळ टाइप होते. काही पेनांना वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतंय, काही कीबोर्डसारखी सरळ चालतात. घेताना हे विचारा, कारण ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नसती.

पण पेननं अख्खं पुस्तक काढायचा विचार असेल तर जरा हिशेब करा. पानावर ३०-३५ ओळी धरा, एक ओळ ओढून पेन परत पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणायला चार-पाच सेकंद, म्हणजे पानाला दोन-तीन मिनिटं, तेही एकही ओळ न चुकता. २०० पानांच्या पुस्तकाला सात ते दहा तास झाले. तेच पट्टीनं पानाला दहा-पंधरा सेकंद. हे गणित पेनच्या जाहिरातीत कोण सांगत नाही, त्यात आपली एक बाई हसत हसत एकच ओळ ओढताना दाखवतात.

आता मराठीचं, आणि मेन मुद्दा हाच आहे. आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले मामा, प्राथमिक शिक्षक होते, रिटायर झाल्यापासनं गावाचा इतिहास गोळा करायचा नाद लागलाय. जुन्या स्मरणिका, यात्रेची पत्रकं, सोसायटीचे अहवाल असलं सगळं. त्यांनी कुणाच्यातरी सांगण्यावरनं ऑनलाइन एक पेन मागवलं, खोक्यावर शंभरच्या वर भाषा असं छापलेलं, आणि थेट माझ्या दुकानात आणलं, "चालू करून दे रे, आज निम्मी स्मरणिका उरकू." मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीच ओढा, तुमचा कागद न् तुमचा हात." ओळ अशी होती: 'पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून विहिर बांधली.' आप्पांनी श्वास रोखून पेन ओढलं. स्क्रीनवर आलं: 'पन्हाव्याच्या पायथ्याशी राहणान्या शेतकन्यांनी वर्गणी काढन विहिर बांधली.' आप्पांनी चष्मा काढून पुसला, परत ओढलं. दुसऱ्या वेळी पन्हाळ्याचं 'पन्हाल्या' झालं, शेतकऱ्यांच्या कन्या तशाच राहिल्या.

असं का होतंय बघा. देवनागरी म्हणून जे काही पेनमध्ये असतंय ते बऱ्याच वेळा हिंदीसाठी केलेलं असतंय. हिंदीत 'ळ' वापरत नाहीत, आणि आपला 'ऱ्या', 'ऱ्हा' मधला तो आडवा र पण नाही. त्यामुळं हिंदीवर तयार झालेलं पेन ते अक्षर दिसलं की जवळचं जे माहीत आहे ते ठोकून देतंय. दुसरी गोष्ट ओळीच्या उंचीची. रोमन लिपीतली ओळ त्या मानानं सुटसुटीत, आपल्याकडं शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. पेनची काच अरुंद आणि हात जरा वर सरकला की खालचे उकार कापले जातात, 'काढून'चं 'काढन' तसंच झालं. हात खाली सरकला की वरच्या मात्रा जातात, मग 'केले'चं 'कल'. इंग्रजीत एखादं अक्षर चुकलं तर स्पेलचेक पकडतो, मराठीत 'शेतकन्या' हा शब्द कोण पकडणार, प्रूफ वाचणाऱ्याचेच डोळे जाणार.

खोक्यावरच्या त्या शंभर भाषांचं पण समजून घ्या. यातली गोम अशी की बोलून भाषांतर करायच्या भाषा वेगळ्या आणि स्कॅन करून वाचायच्या भाषा वेगळ्या. पेनला तोंडानं मराठी बोललेलं कळत असेल, म्हणून छापील मराठी वाचता येतंय असं नाही. दुकानदाराला किंवा ऑनलाइन प्रश्न विचारायच्या ठिकाणी नेमकं विचारा, 'मराठी छापील मजकूर स्कॅन होतो का आणि तो इंटरनेट नसताना होतो का'. नुसतं 'मराठी सपोर्ट आहे का' विचारलंत तर हो म्हणूनच उत्तर येणार. स्वस्तातली काही डिक्शनरी पेनं तर चीनमधल्या पोरांना इंग्रजी शिकवायला केलेली असतात, मेन्यू चिनी आणि अर्थपण चिनीत. परत पाठवायची मुदत संपेपर्यंत माणूस सेटिंगच शोधत बसतोय.

तेव्हा चाचणीचा माझा फंडा साधा आहे. एक कागद स्वतःच टाइप करून प्रिंट काढायचा आणि खिशात ठेवायचा. त्यावर 'पन्हाळा', 'कऱ्हाड', 'राहणाऱ्या', 'सूर्य', 'कर्तृत्व', 'दृष्टी', 'क्षुल्लक', 'ज्ञानेश्वर' असले शब्द असलेली तीन-चार वाक्यं, एकदा बारीक अक्षरात आणि एकदा मोठ्या. त्याच्या जोडीला ज्यासाठी स्कॅनर घेताय त्यातलं एक खरंखुरं पान. दुकानात गेल्यावर त्यांच्या गुळगुळीत डेमो कागदावर बघायचंच नाही, तो पास होणारच की. आपल्या कागदावर तीन वेळा ओढायचं, आणि पेन घेणाऱ्यानं स्वतःच्या हातानं ओढायचं. डावखुरे असाल तर डाव्या हाताचं सेटिंग आहे का बघा, बऱ्याच पेनात असतंय पण सगळ्यात नाही. अक्षराच्या आकाराची पण मर्यादा असती, साधारण ६ ते २२ पॉइंटच्या आसपास, म्हणजे पेपरातली हेडलाइन पेनला झेपत नाही आणि औषधाच्या चिठ्ठीवरची मुंगीएवढी अक्षरंही नाहीत. हस्ताक्षर तर विसराच. आणि मोडी वाचणारं पेन आहे का असं दोघातिघांनी विचारलंय, तर त्या कागदाचा नीट फोटो किंवा स्कॅन करून मोडी जाणणाऱ्या माणसाकडंच जायचं, बाजारातली ही पेनं त्या कामाची नाहीत.

आप्पांचं पेन परत पाठवलं आणि मी त्यांना पट्टी घ्यायला लावली. मराठी मजकुराचं काम असेल तर माझं मत सरळ आहे, अक्षर ओळखायचं काम पेनच्या बारक्या डोक्यावर टाकू नका, पट्टीनं चांगला फोटो काढा आणि ओळखायचं काम गूगलवर टाका. फाइल ड्राइव्हवर चढवायची, कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून गूगल डॉक्सनं उघडायची, वर चित्र आणि खाली टेक्स्ट येतंय. गूगलच्याच मदतीच्या पानावर फाइल २ एमबीच्या आत ठेवा असं लिहिलंय, म्हणून मोठ्या रंगीत फाइली टाकू नका. कागद बाहेर पाठवायचा नसेल, म्हणजे वकिलांचे कागद, कुणाचे दवाखान्याचे रिपोर्ट, तर टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठीची वेगळी फाइल मिळती, सगळं आपल्याच कॉम्प्युटरवर होतंय. वापरायला जरा किचकट आहे, पण एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा धरला की तासात बसवून देतोय.

पट्टी घेताना डीपीआयच्या, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपते त्या आकड्याला भुलू नका. अक्षर ओळखायला ३०० डीपीआय पुरे. ए-४ पान ३०० ला म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८ ठिपके, ६०० ला गेलात की ठिपके चौपट, फाइल जड, पट्टी पण हळू ओढावी लागती. ६०० कधी, तर अक्षर फार बारीक असेल किंवा जुना फोटो असेल तर. मेमरी कार्डाचं मात्र विचाराच, बऱ्याच पट्ट्या ३२ जीबीपर्यंतचंच मायक्रोएसडी कार्ड घेतात, घरात पडलेलं ६४ चं घातलं की पट्टी नुसतं एरर दाखवती आणि माणूस पट्टीलाच शिव्या देतोय. सेलवर चालणारी का चार्जिंगची, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न. मला सेलवाली आवडती, ग्रंथालयात मध्येच बंद पडली तर कोपऱ्यावरनं दोन सेल आणले की झालं.

ओढायची पण एक पद्धत आहे. पट्टीच्या खाली बारीक चाकं असतात, त्यावरनं तिला कळतंय किती पुढं आली. पान डाव्या हातानं वर दाबून धरायचं, बटण दाबून सरळ खाली यायचं, वेग एकसारखा, पोळी लाटताना लाटणं जसं दोन्ही बाजूनं सारखं जातंय तसं. घाई केली की लाल लाईट लागतो, ते पान परत काढायचं. पट्टीचा सेन्सर कागदाला चिकटून असला तरच स्पष्ट दिसतंय, कागद दोन-तीन मिलिमीटर जरी उचललेला असला तरी अक्षर पुसट येतंय. म्हणून जाड बांधणीच्या पुस्तकात मधल्या शिवणीकडं अक्षरं विरघळल्यासारखी येतात. तिथं पान जरा उताराला धरून, पट्टी शिवणीला समांतर ठेवून ओढायची, मग चित्र आडवं येतंय ते नंतर फिरवायचं. पातळ कागदावर मागची छपाई पुढं दिसत असेल तर पानामागं काळा कागद सरकवा, फरक लगेच कळतोय. आणि खोक्यात एक पांढरा कागद येतो तो फेकू नका, रंग बिघडले तर त्यावर पट्टी ठेवून कॅलिब्रेट करायची असती.

पट्टी कुठं हरते तेही सांगतो. २०१९ ला आणि परत २०२१ ला महापुराचं पाणी आलं तेव्हा किती घरातले कागद भिजले, ते वाळवून ठेवलेले कागद अजून लोक घेऊन येतात. भिजून वाळलेला कागद पापडासारखा लाटालाटांचा होतोय, त्यावर चाकं उड्या मारतात आणि ओळी नागमोडी येतात. असल्या कागदाला पट्टी नको आणि पेन तर नकोच. वरनं काच ठेवून मोबाईलनं उजेडात फोटो, नाहीतर झेरॉक्सवाल्याकडचा काचेचा स्कॅनर. चुरगळणारे, कडा झडलेले कागद असतील तरीपण हेच, चाकं घासून कागद फाटतो. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, असल्या ठिकाणी जुन्या पुस्तकावर काही फिरवायच्या आधी ग्रंथपालांना विचारायचं, हे सांगायला नको. पूर्वीची खिळे जुळवून छापलेली पुस्तकं असतील तर जोडाक्षरं एकाखाली एक रचलेली असतात, शाई पसरलेली असती, तिथं गूगल पण गडबडतंय, टाइप करायला कमी लागेल पण प्रूफ वाचावंच लागेल.

लहान पोरांसाठी किंवा वाचायला अडचण असलेल्यांसाठी घेणार असाल तर मात्र सगळा हिशेब उलटा. ज्या पोराला अक्षरं उलटसुलट दिसतात, वाचताना ओळ सुटती, त्याला ओळीवरनं पेन ओढलं की कानात शब्द ऐकू येतो ही गोष्ट लई मोठी आहे. तिथं टाइप होण्यापेक्षा आवाज महत्त्वाचा. हेडफोन लागतो का, आवाज हळू करता येतो का, आणि लॅपटॉप-मोबाईल न जोडता एकटं चालतंय का ते बघा. सी-पेन नावाची पेनं या कामासाठी ओळखली जातात, त्यांचं परीक्षेसाठीचं वेगळं मॉडेल पण आहे, त्यात डिक्शनरी आणि साठवायची सोय मुद्दाम काढून टाकलीय. पण परीक्षेत न्यायचं असेल तर आधी शाळेकडनं लेखी विचारून घ्या, पेन घेतल्यावर नाही. आणि हे इंग्रजीपुरतं धरून चाला, मराठी माध्यमाच्या पोरासाठी घेताय तर वरचा पन्हाळ्याचा कागद घेऊनच दुकानात जा. वयस्कर माणसांसाठी घेणाऱ्यांना एक सांगतो, हात थरथरत असेल तर पेन सरळ रेषेत जात नाही. आईसाठी मी पेन बघितलं होतं, शेवटी मोबाईलवर मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची सोय लावून दिली, ती खूश आहे.

छापखान्यात काम देणाऱ्यांसाठी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. स्कॅन करून येणारा मराठी टेक्स्ट युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटर सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांत असतोय, आणि अजून बरेच छापखाने श्रीलिपी नावाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटात काम करतात. तो टेक्स्ट तसाच चिकटवला की नुसते चौकोन नाहीतर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतोय. घाबरायचं काम नाही, कन्व्हर्टर मिळतात, पण कन्व्हर्ट झाल्यावर 'ऱ्य' आणि रफार परत एकदा तपासायचे.

पैशाचं बोलायचं तर पट्टी ही वाचून दाखवणाऱ्या चांगल्या पेनपेक्षा सहसा बरीच स्वस्त पडती, म्हणून आधी पट्टी आणि मोबाईलवर काम निभतंय का बघावं, मग पेनकडं वळावं. पेन ऑनलाइन घेत असाल तर इंटरनेटशिवाय काय काय चालतंय ते विचारा, काही पेनांचं सगळं डोकं कंपनीच्या सर्व्हरवर असतंय, अ‍ॅप बंद झालं किंवा वर्गणी संपली की हातात नुसती टॉर्च राहती. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी कोण ओळख देत नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझ्याकडं आलेल्या एका खोक्यात पट्टी होती पण केबल आणि तो पांढरा कागद नव्हता, व्हिडिओ होता म्हणून बदलून मिळालं.

आणि हो, स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तकातली चार पानं काढणं वेगळं आणि क्लासचं अख्खं गाइड स्कॅन करून ग्रुपवर सोडणं वेगळं. दुसरं मी करून देत नाही, उगाच विचारू नका.

आल्या आल्या पहिल्याच दिवशी खरं काम सुरू करा, मुदत संपेपर्यंत शोकेसमध्ये ठेवू नका. वीस-पंचवीस पानं सलग काढून बघा, कारण पहिली पाच पानं सगळ्याच वस्तू चांगली देतात, हात दुखायला लागल्यावर आणि पट्टी गरम झाल्यावर कळतंय. आप्पांनी तेच केलं. पहिल्या रात्री ४० पानं काढली, त्यातली ९ लाल लाईट न बघता काढलेली निघाली, ती सकाळी परत काढली. गेल्या आठवड्यात पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आले, मी गूगल डॉक्समधनं काढलेला टेक्स्ट त्यांना दाखवला. आप्पांनी बोट ठेवून पहिली ओळ वाचली, 'पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्यांनी' इथपर्यंत बरोबर, आणि मग थांबले, "विहीर दुसरी वेलांटी पाहिजे, पहिली आलीय बघ." मी मूळ छापील पान बघितलं तर त्या स्मरणिकेतच पहिली वेलांटी छापलेली होती.